ग्रॅनाइट कापताना तोंडाला मास्क की पात्यावर पाणी?

नागपुरात बेसा, मनीषनगरकडे फ्लॅटची कामं चालू असतात, आणि ओट्याचा ग्रॅनाइट बऱ्याचदा जागेवरच, ग्राइंडरने कोरडा कापला जातो. त्या धुरळ्यात सिलिका, म्हणजे दगडात-वाळूत असणारं खनिज, असते. जाड धूळ नाकात अडकते; डोळ्यांना न दिसणारी थेट फुफ्फुसात जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार बरा होत नाही.

मास्क स्वस्त आणि लगेच मिळणारा. पण दुपट्टा बांधला म्हणजे मास्क लावला असं होत नाही, हे कारागिराला आधी शिकवायला हवं. एन-९५ सुद्धा चेहऱ्याला घट्ट बसला तरच कामाचा. दाढी असेल तर कडेने धूळ आत शिरतेच. त्यात मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास. घामाने भिजलेला मास्क थोड्याच वेळात हनुवटीवर येतो. आणि शेजारी उभ्या हेल्परचं, झाडू मारणाऱ्या बाईचं काय?

पाण्याने बरीचशी धूळ उडायच्या आधीच बसते, सगळ्यांसाठीच. पात्यावर सतत धार सोडणारा, ओल्या कामासाठीच बनवलेला कटर घ्या. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणं म्हणजे शॉकला आमंत्रण. लाइनवर आरसीसीबी (करंट गळाला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच, वायरला उघडा जोड नको. चिखल ओला असतानाच पुसा, वाळला की तीच धूळ पुन्हा उडते.

माझ्या मते आधी पाणी. बंद खोलीत कापावं लागलं तर सोबत मास्कही. ठेकेदाराशी दर ठरवतानाच हे बोलून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.