टंगस्टन, झेरोजेल, काच : एमिटर नऊ महिने वापरल्यावर

लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारतो, एमिटर कशाचा करायचा? नऊ महिन्यांत मी तीन मटेरियल वापरली आणि तिन्हींनी रडवलं, तेव्हा उत्तर द्यायचा हक्क आता मिळालाय असं धरून चालतो.

ज्यांना इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे यानाला हळूच ढकलणारं आयनांचं छोटं इंजिन, नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडंसं. अणकुचीदार टोकावर (हाच एमिटर) आयनिक द्रव आणायचा, समोर भोकं पाडलेली जाळी धरायची आणि दोघांमध्ये एक-दोन हजार व्होल्ट लावायचे. द्रव ताणला जाऊन त्याचा शंकू होतो, त्याला टेलर कोन म्हणतात, आणि शेंड्यावरून आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, सुटतात. आमचा द्रव ईएमआय-बीएफ४. तसं हे मीठच, फक्त खोलीच्या तापमानाला पातळ असलेलं. व्हॅक्युममध्येही त्याची जवळपास वाफ होत नाही, म्हणून दाबाची टाकी लागत नाही. जोर मात्र नावापुरता. डिसेंबर २०१५ मध्ये सुटलेल्या लिसा पाथफाइंडर या अंतराळयानावर याच जातीची छोटी इंजिनं, कोलॉइड थ्रस्टर, होते, त्यातल्या एकेकाचा कमाल जोर ३० मायक्रोन्यूटन. तिळाच्या एका दाण्याचं वजन साधारण तेवढंच भरतं. तिथे द्रव बारीक नळ्यांतून येत होता, माझ्याकडे पंप-नळ्या काहीच नाहीत. समईच्या वातीत तेल चढतं तसा द्रव आपणहून टोकापर्यंत यायला हवा.

पहिली टंगस्टनची सुई. तार सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये बुडवून करंट दिला की टोक निघतं, दुपारभरात चार-पाच होतात. नंतर पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो, नाहीतर द्रव पसरतच नाही, गुळगुळीत सुईवर थेंब थेंब होऊन बसतो. फवारा सुरू झाला तेव्हा मी खूश होतो. मग एका रात्री आळस केला आणि पोलॅरिटी, म्हणजे व्होल्टेजची धन-ऋण बाजू, न बदलता सुई तशीच चालू ठेवली. सकाळी टोकावर काळपट चिकट थर! चूक माझीच होती. धातूच्या टोकाला द्रव चिकटलेला, त्यातून फक्त धन आयन निघून जात राहिले तर उरलेला ऋण भार त्या टोकाशीच साठतो, आणि ठरावीक व्होल्टेज ओलांडलं की रासायनिक क्रिया तिथेच सुरू होते. पोलॅरिटी आलटून-पालटून ठेवली की हे थांबतं, असं एमआयटीत २००४ सालीच दाखवलेलं आहे. मी ते वाचलंही होतं. वाचणं आणि कंटाळा न करणं या दोन वेगळ्या गोष्टी.

झेरोजेलवर फार लिहीत नाही. रिसॉर्सिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडचं जेल करायचं, सुकवायचं, मग हवा न लागू देता भट्टीत जाळून त्याचा कोळसा करायचा. छिद्रांचा आकार रेसिपीतून जुळवता येतो, हा मोठा गुण. पण सुकताना तो आकसतो, आणि माझे निम्मे तुकडे तडकले. त्यातून फॉर्मलिनचा वास! भट्टी चांगली असेल आणि शेजारचे सहनशील असतील तरच या वाटेला जा.

आता काच. रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये गाळायला वापरतात ती बोरोसिलिकेटची सच्छिद्र चकती, पी५ ग्रेड, छिद्रं १ ते १.६ मायक्रॉन. ती सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, घासून पिरॅमिडसारखी टोकं काढायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. काच वीज वाहत नाही, मग हे चालणार कसं? इथेच माझी समजूत उलटी होती. वीज वाहायचं काम द्रवच करतो. काचेचं टोक म्हणजे नुसता माठ, पाझरू देणारा. विजेची जोडणी मागे, द्रवाच्या छोट्या टाकीतल्या इलेक्ट्रोडला. रासायनिक क्रिया झालीच तर तिथे होते, टोकाशी नाही. शिवाय त्या इलेक्ट्रोडला पृष्ठभाग मोठा द्यायचा, म्हणजे भार पसरतो आणि पोलॅरिटी बदलायची घाई राहत नाही. जो त्रास मी टंगस्टनचा समजत होतो तो खरा जोडणीच्या जागेचा होता.

काचेचेही नखरे आहेत. तिच्यावर कटर पटकन बोथट होतो, आणि बोथट कटरने केलेली टोकं शेंड्याला फुटतात. दोन टोकं बाहेरून सारखी दिसतात, पण एकाच्या शेंड्याशी मोठं छिद्र निघालं की त्याचं सुरू व्हायचं व्होल्टेज वेगळं. त्यामुळे एकाच चिपवरची (म्हणजे टोकं काढलेल्या एका तुकड्यावरची) काही टोकं जोरात आणि काही झोपलेली, हे रोजचंच.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नाही. हा द्रव हवेतलं पाणी ओढतो. पाणी शिरलं की बीएफ४चं विघटन होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होऊ शकतं, आणि ते काच खातं. म्हणून भरण्याआधी द्रव व्हॅक्युममध्ये गरम करून सुकवतो, आणि चिप भरली की उघड्यावर ठेवत नाही. हातमोजे तर हवेतच.

माझ्या सगळ्यात जास्त चिप मात्र गेल्या त्या जाळीमुळे. गरजेपेक्षा जास्त द्रव भरला, तो टोकांच्या पायथ्याशी साचला, एक धागा जाळीला टेकला आणि शॉर्ट. यात टंगस्टन, झेरोजेल, काच असा भेद नाही. आता चिप भरण्याआधी आणि नंतर वजन करतो, आणि छिद्रांत मावेल त्याहून थोडा कमीच द्रव घालतो.

म्हणून नव्याने आलेल्यांना सांगतो, शिकायला टंगस्टनची सुई घ्या. स्वस्त आहे, मोडली तर दुसरी करता येते, आणि टोकाशी काय बिघडतं ते मायक्रोस्कोपखाली लगेच दिसतं. खरी मापं घ्यायची वेळ आली की काच. माझी सध्याची चिप काचेचीच आहे. तिची डाव्या कोपऱ्यातली तीन टोकं अजून सुरू झालेली नाहीत, पण जाळी कोरडी आहे.