सौर प्रकल्पाला जमीन कोणती द्यायची, गायरान की खासगी? ग्रामसभेत हात वर करण्याआधी

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0, म्हणजे गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीपंपांना दिवसा वीज देण्याची राज्य सरकारची योजना. तिचा प्रस्ताव गावात आला की वीज हवी की नको यावर फारसा वाद होत नाही. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला बांधावर जायचं, त्यात साप आणि बिबट्याची भीती, हे सोसलेल्याला दिवसाच्या विजेची किंमत सांगावी लागत नाही. वैजापूर तालुक्यात धोंदलगावचा 3 मेगावॅटचा प्रकल्प 2024 मध्ये सुरूही झाला. खरा प्रश्न जमिनीचा आहे. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, म्हणजे 3 मेगावॅटसाठी बारा ते पंधरा एकर. ती कुणाची जायची?

खासगी जमिनीचा हिशेब सरळ आहे. भाडं वर्षाला हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी 50,000 रुपये, आणि दरवर्षी 3 टक्के वाढ. मुरमाड, कोरडवाहू रानात सोयाबीन लावून पावसाकडे डोळे लावणाऱ्याला एवढं हमखास उत्पन्न दुसरीकडून मिळणं कठीण. मालक स्वतःच्या मर्जीने देतो आणि मोबदला त्याच्याच खात्यात येतो. अडचण आहे ती सातबाऱ्याबाहेरच्या माणसांची. बटईने ती जमीन कसणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. खुरपणीला, काढणीला जाणाऱ्या बायकांचा रोज बुडतो. पॅनल धुणं आणि राखण यांतून मोजक्याच माणसांना काम मिळतं. करार पंचवीस वर्षांहून जास्त चालू शकतो, म्हणून बहिणींची नावं वारस म्हणून लागली आहेत का, हे सहीआधी तपासा. नंतर ते भांडण कोर्टात जातं.

गायरान मात्र सगळ्यांना सोपं वाटतं. जमीन सरकारी आणि सलग, दहा मालकांच्या सह्या गोळा करायची कटकट नाही. शिवाय ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख, असे तीन वर्षांत 15 लाख मिळतात. शाळेची दुरुस्ती, गटार, रस्ता यासाठी ही रक्कम लहान नाही. पण पैसे तीन वर्षांत संपतात, कुंपण पुढची वीस-बावीस वर्षं राहतं.

त्या कुंपणाच्या आत काय जातं ते एकदा पायी फिरून बघा. पावसाळ्यात तिथे पवन्या, मारवेल उगवतं. घरी गुंठाभर जमीन नसलेली बाई चार शेळ्या त्याच गवतावर पाळते. घरात आजारपण आलं की एक शेळी बाजारात जाते. धनगरांचा कळप येता-जाता तिथे थांबतो. सरपण, टाकळ्याची भाजी, कुडाच्या काठ्या तिथूनच येतात. या घरांकडे विहीर नाही, मोटार नाही, त्यामुळे दिवसाच्या विजेचा त्यांना थेट उपयोग शून्य. मोटारवाल्याची सोय व्हावी म्हणून शेळीवालीचं रान जातं. मला यात सर्वांत मोठा अन्याय दिसतो, आणि तो ठरावात कुठेही लिहिलेला नसतो.

मराठवाड्यात आणखी एक पदर आहे. आंबेडकरी चळवळीचे नेते दादासाहेब गायकवाड यांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले. कित्येक दलित आणि भटक्या कुटुंबांनी गायरानं कसायला घेतली, आणि 14 एप्रिल 1990 पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णयही झाला. तरी अनेकांच्या हातात अजून कागद नाही. असं रान ‘रिकामं’ म्हणून दाखवलं तर दोन पिढ्यांची वहिवाट एका ओळीत पुसली जाते.

कायद्याचा कलही ध्यानात घ्या. सार्वजनिक जमिनी जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात सांगितलं. त्याच वर्षी जुलैत राज्याने शासन निर्णय काढला: दुसरी जमीन उपलब्ध नसेल तरच गायरानाचा सार्वजनिक कामासाठी विचार करायचा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वीज उपकेंद्राजवळ हलकी खासगी जमीन द्यायला कुणी तयार असेल तर आधी ती. गायरान त्यानंतरच.

शिवारात सगळीकडे बागायत असेल, किंवा गायरानात वेडी बाभूळ माजून जनावर आत शिरत नसेल, तर गायरान देणं चुकीचं नाही. फक्त अटी आधी, ठराव नंतर. कसणाऱ्यांचे दावे निकाली निघेपर्यंत मोजणी नको. चराईला किती रान सुटणार आणि पाण्यापर्यंतची वाट कुठून जाणार, हे गट नंबर आणि नकाशासह लिहून घ्या. राखण आणि सफाईचं काम रान गमावणाऱ्या घरांना मिळावं. 15 लाखांतला ठरावीक वाटा चाऱ्यासाठी राखून ठेवा. पॅनलखाली चराई होऊ शकते, असं कुणी सांगेल. मेंढ्यांच्या बाबतीत ते खरं आहे. शेळ्या पॅनलवर चढतात, वायरी कुरतडतात, म्हणून त्यांना आत घेत नाहीत. गावात शेळ्याच जास्त असतील तर त्या आश्वासनावर विसंबू नका.

अंतिम अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा असला तरी ग्रामसभेच्या अटी कागदावर हव्यात, पुढे दाद मागायला तोच आधार असतो. आधी महिला ग्रामसभा घ्या, आणि ती संध्याकाळी, शेळ्या घरी परतल्यावर ठेवा. दुपारी घेतलीत तर ज्यांचं रान जाणार आहे त्या बायका त्याच रानात असतील.