स्टार मेथडने इंटरव्ह्यूची तयारी: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, गेले काही महिने जॉब स्विचसाठी इंटरव्ह्यू देतोय आणि तयारी पूर्ण स्टारवर केलीय. म्हणजे सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. डीडीआय नावाच्या अमेरिकन कंपनीने 1974 ला ही पद्धत आणली, आज ॲमेझॉनसुद्धा उमेदवारांना उत्तरं याच साच्यात द्यायला सांगते.

मला ही पद्धत मनापासून आवडली कारण क्वालिटीवाल्यांकडे गोष्टी तयारच असतात. आपण भरतो तो प्रत्येक 8डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय टप्प्याटप्प्याने लिहायचा रिपोर्ट) म्हणजे एक गोष्टच आहे की. पण तो जसाच्या तसा सांगून चालत नाही, त्यात सगळं "टीम"ने केलेलं असतं आणि समोरच्याला तर तुम्ही काय केलंत ते ऐकायचंय.

माझी सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट सांगतो. बोअर (पार्टमधलं गोल भोक) अंडरसाइझ, म्हणजे मापापेक्षा लहान येत होता, कस्टमरची कंप्लेंट आली, आणि बहुतेक खराब पीस सेकंड शिफ्टचे, त्यामुळे सगळे म्हणत होते ऑपरेटर नीट चेक करत नाही. मी टूल चेंजचं रजिस्टर काढून बघितलं तर सेकंड शिफ्टला इन्सर्ट (टूलचा बदलता येणारा कापणारा तुकडा) जवळजवळ बदललेलाच नाही, आणि बोअरिंगचा इन्सर्ट झिजला की बोअर लहानच येणार. का बदलत नाहीत विचारलं तर स्टोअर संध्याकाळी बंद, नवीन इन्सर्ट मिळणार कुठून? मग मशीनजवळ इन्सर्टचा बिन ठेवला, टूल लाइफ काउंटर (इन्सर्ट कधी बदलायचा ते पीस मोजून सांगणारा) लावला, कंप्लेंट थांबली.

यातली सिच्युएशन दोन वाक्यांत संपवायची, पार्टचं नाव, कस्टमर, लाइनचा लेआउट काही नको (कस्टमरचं नाव तर घेऊच नका, पुढची कंपनी पण बघत असते तुम्ही गोपनीय गोष्टी किती सांभाळता). सगळा वेळ ॲक्शनला. आणि तिथे "आम्ही" सोडून स्पष्ट सांगायचं की शंका मला आली, रजिस्टर मी तपासलं, बिनचा खर्च मॅनेजरांनी मंजूर केला, काउंटर मेंटेनन्सने लावला. आपल्याकडे "मी केलं" म्हणायला लोकांना फार संकोच वाटतो, पण असं वाटून सांगितलं तर फुशारकी वाटत नाही उलट विश्वास बसतो, हे मी समोरच्यांच्या पुढच्या प्रश्नांवरून सांगतोय.

कमी कुठे पडते तर या चार अक्षरांत "हेच का केलं" याला जागाच नाही. मला जवळपास प्रत्येक ठिकाणी विचारलं की ऑपरेटरची चूक नाही हे कशावरून ठरवलं? उत्तर सोपं आहे, तोच ऑपरेटर फर्स्ट शिफ्टला आला की पीस ओके येत होते. हा मुद्दा आता मी ॲक्शनमध्ये आधीच घालतो, माझ्या मते गोष्टीचा जीव त्यातच आहे. "स्वतःबद्दल सांगा" आणि "कंपनी का सोडताय" याला मात्र स्टार वापरू नका, तिथे सरळ बोललेलं बरं.

रिझल्टला आकडा हवाच. पीपीएम (दहा लाख पीसमागे किती खराब), रिजेक्शन टक्के, वाचलेले तास, जे खरं असेल ते, आणि तो कुठल्या रिपोर्टमधून आला ते पण माहीत पाहिजे कारण खोदून विचारतात.

प्रॅक्टिस आधी मराठीत करा. मी घरी बायकोला सांगायचो, ती बँकेत आहे, इन्सर्ट म्हणजे काय तिला माहीत नाही, त्यामुळे जिथे ती "थांब, म्हणजे काय?" म्हणायची तिथे गोष्ट अडकतेय हे कळायचं. मराठीत नीट बसली की इंग्लिश आपोआप जमतं, पाठ करावं लागत नाही, पाठ केलेलं लगेच ओळखू येतं.

एक्सेलमध्ये शीट ठेवा, प्रत्येक गोष्टीला एक ओळ आणि पुढे ती कुठल्या प्रश्नांना चालेल ते (वरची गोष्ट प्रॉब्लेम सॉल्व्हिंगला चालते, दुसऱ्या डिपार्टमेंटशी मतभेद याला पण चालते). फ्रेशर असाल तर कॉलेजचा प्रोजेक्ट किंवा मंडळाचा हिशोब सांभाळलेला असेल तर तो पण लिहा. आणि नोकरीत असाल तर आत्ताच लिहायला घ्या, सोडल्यावर आकडे बघायला रजिस्टर हाताशी नसतं.