स्वतःच्या फोटोचा वॉलपेपर: एकच फोटो, कोलाज की स्लाइडशो?

विंडोज एक्सपीची ती हिरवी टेकडी आठवते? चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात टिपलेला तो फोटो २००१ मध्ये एक्सपीसोबत घरोघरी पोचला. त्यात बघण्यासारखं फारसं काही नाही, आणि वॉलपेपर म्हणून तेच त्याचं बळ. वर मोकळं आकाश, खाली मोकळं गवत. आयकॉन कुठेही ठेवा, नाव वाचता येतं. आपण मात्र अल्बममधला सगळ्यात भरगच्च, अख्खं खानदान असलेला फोटो उचलतो आणि मग रिसायकल बिन आजीच्या कपाळावर जाऊन बसतो.

तीन पर्यायांपैकी कुठला घ्यायचा हे ठरवताना मी आधी हेच बघतो: फोटोत मोकळी जागा किती?

एकच फोटो लावणं हा सगळ्यात सोपा पर्याय वाटतो, पण खरी मेहनत यातच आहे. मोबाइल सहसा ४:३ प्रमाणात फोटो काढतो, तर बहुतेक मॉनिटर १६:९ असतात. सेटिंगमध्ये 'फिल' ठेवलं की आडव्या फोटोची वरची-खालची मिळून पाव उंची छाटली जाते. उभ्या फोटोचं तर विचारूच नका, निम्म्याहून जास्त भाग गायब. 'फिट'ने फोटो अख्खा दिसतो, पण कडेला पट्ट्या येतात. 'स्ट्रेच'ला हातही लावू नका. उभ्या फोटोतला सडसडीत माणूस गरगरीत होतो.

म्हणून कात्री आपल्याच हातात ठेवायची. कुठल्याही फोटो ॲपमध्ये क्रॉपचं प्रमाण १६:९ करा आणि चौकट गरजेनुसार थोडी लहान करून अशी सरकवा की चेहरा उजवीकडच्या तिसऱ्या हिश्श्यात येईल, कारण विंडोजमध्ये आयकॉन डावीकडून भरत जातात. मॅकवर ते उजवीकडे असतात, तिथे उलटं करा. १२ मेगापिक्सेलचा ४०००×३००० फोटो पूर्ण रुंदी ठेवून कापला की ४०००×२२५० उरतो, म्हणजे फोर-के (३८४०×२१६०) स्क्रीनलाही पुरतो. फक्त तो मूळ फोटो हवा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो लहान होऊन येतो आणि मोठ्या स्क्रीनवर चेहरा लोण्यासारखा दिसतो. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' असं सांगा.

आणि आवडता फोटो नेमका उभाच असेल तर? माझा आईचा फोटो तसाच होता. गिम्प या फोटो-संपादनाच्या मोफत ॲपमध्ये १९२०×१०८० ची कोरी फाइल घेतली. तोच फोटो ताणून नव्हे, नीट मोठा करून मागे पसरला आणि गॉसियन ब्लर देऊन पार धूसर केला. मग मूळ फोटो १०८० उंचीचा करून उजव्या कडेला लावला. ३:४ च्या फोटोला ८१० पिक्सेल रुंदी लागते, डावीकडे आयकॉनसाठी १११० मोकळे राहतात. मागचे रंग त्याच फोटोतले असल्याने जोड जाणवत नाही. दहा मिनिटांचं काम.

कोलाजबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. करताना मजा येते, कॅन्व्हासारख्या साइटवर साचे तयार मिळतात. पण नऊ फोटो भरले की प्रत्येकाच्या वाट्याला ६४०×३६० येतात, चेहरे बोटाच्या पेराएवढे होतात, वर आयकॉनची गर्दी. भिंतीवर लावायला ठीक. हौस असेलच तर तीन फोटो घ्या, प्रत्येकी ६४०×३६०, आणि उजव्या बाजूला एकाखाली एक रचा. उंची बरोबर १०८० भरते. उरलेल्या दोन तृतीयांश जागेत एकच गडदसर रंग द्या. आयकॉनची नावं पांढरी असतात, फिक्या रंगावर ती हरवतात. टास्कबारखाली शेवटच्या फोटोची खालची पट्टी जाते, तेवढं लक्षात ठेवून फोटो निवडा.

स्लाइडशो ज्याला एक फोटो निवडताच येत नाही त्याच्यासाठी. विंडोजमध्ये फोल्डर दाखवायचा, एका मिनिटापासून एका दिवसापर्यंत वेळ ठरवायची, झालं. कापाकापीही यंत्रच करतं, आणि त्याला डोकं कुठे आहे हे कळत नाही. शिवाय फोल्डर मोबाइलमधून सरसकट कॉपी केलेला असेल तर एक दिवस मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करताना मागे औषधाची चिठ्ठी झळकते. हे ऐकीव नाही, माझ्यावर गुदरलंय. तेव्हापासून वेगळा फोल्डर, त्यात आधीच १६:९ मध्ये कापलेले पंधरा-वीस फोटो, बस. लॅपटॉप बॅटरीवर असताना स्लाइडशो चालू ठेवायचा का, याचं वेगळं बटण तिथेच असतं. मी बंद ठेवतो.

कामाचा संगणक असेल, डेस्कटॉप फायलींनी भरलेला असेल, तर एकच फोटो, तोही मोकळा. घरी सगळ्यांचा मिळून एक संगणक असेल तर स्लाइडशो, पण वेळ 'एक दिवस' ठेवा. दर मिनिटाला बदलणारा फोटो दोन दिवसांत कुणी बघेनासं होतं. रोजचा एक असेल तर सकाळी संगणक सुरू झाल्यावर आज कुणाचा नंबर लागला हे बघायला मुलं येतात.