पाच किलोचा बिनब्रँडचा ब्रेकर: फरशीला चालेल, भिंतीला नको

हार्डवेअरच्या दुकानात ‘०८१०’ म्हणून मागितला की जो पुढ्यात येतो, तो हा ब्रेकर, म्हणजे फरशी-काँक्रीट फोडायचं विजेचं मशीन. आकडा मकिता कंपनीच्या मॉडेलचा, माल मात्र नकलेचा. रंग आणि स्टिकर दुकानागणिक बदलतात. वजन पाच-सहा किलो, छिन्नीचं बूड १७ मिमी षटकोनी, किंमत दहा हजारांच्या आत. एसडीएस-मॅक्सच्या, म्हणजे खाचा असलेल्या गोल बुडाच्या छिन्न्या याला बसत नाहीत, त्यामुळे जास्तीच्या छिन्न्या घेताना जुनी सोबत न्यावी.

खोक्यावरचे वॅट आणि ज्यूल वाचून भुलू नका. काम चालू असताना क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारं यंत्र) लावून बघा. ४.५ अँपिअर दिसले, तर २३० व्होल्टवर मशीन फार तर हजार वॅट घेतंय, मग खोक्यावर १५०० का लिहिलेलं असेना. न्हाणीघराच्या फरशीला तेवढी ताकद पुरते.

मोटर पिस्टन पुढेमागे करते आणि पिस्टन व हातोडीच्या तुकड्यामध्ये कोंडलेली हवा तो तुकडा छिन्नीवर आपटते. म्हणून वरून अंग टाकून दाबल्याने काम वाढत नाही, मोटर तापते. छिन्नी उडणार नाही इतकाच दाब पुरे. ही हवा धरून ठेवते ती रबरी ओ-रिंग, आणि स्वस्त मशीनचं दुखणं बहुतेक तिथेच असतं. मोटरचा आवाज नेहमीसारखा पण ठोका मंद, म्हणजे ओ-रिंग झिजली किंवा आतलं ग्रीस संपलं. मशीन मध्येच बंद पडतं, मागच्या जाळीतून ठिणग्या दिसतात, तर मोटरचे कार्बन, म्हणजे आतले झिजणारे ब्रश, संपलेत. समोरून पातळ ग्रीस गळायला लागलं, तर हात थांबवा, मशीन जास्त तापलंय. दहा-पंधरा मिनिटं काम, मग तेवढीच विश्रांती हा हिशेब पाळला तर हे प्रकार लांबतात. नवं मशीन आणल्यावर सगळे स्क्रू आवळा आणि छिन्नीच्या बुडाला बोटभर ग्रीस लावा.

सोबतच्या छिन्न्या मऊ असतात. टोक बोथट झालं की ग्राइंडरवर थोडं थोडं घासून मधेमधे पाण्यात बुडवा. पोलाद निळं पडलं की पाणी उतरलं, मग ती धार टिकत नाही.

फरशी काढताना आधी कडेने चार इंची ग्राइंडरची रेघ मारा, म्हणजे शेजारची लादी फुटणार नाही. एक लादी मधोमध टोकदार छिन्नीने फोडून बाहेर काढा. मग चपटी छिन्नी उघड्या कडेकडून आडवी धरून एका वेळी दोन-तीन इंच उचला. कडेपासून फूटभर आत घुसलात, तर छिन्नी अडकते. अडकलेली छिन्नी मशीनने उचकटायची नाही, पुढचा पकडीचा भाग वाकतो. मशीन छिन्नीपासून वेगळं करा आणि शेजारी दुसऱ्या छिन्नीने मोकळं करा.

न्हाणीघरात खरा धोका खालच्या ब्रिकबॅट कोब्याचा, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफ थराचा. लादीखालचं बेडिंग (मसाल्याचा थर) संपलं की थांबा. कोबा हलला, तर वॉटरप्रूफिंग गेलं, आणि त्यावर नुसत्या नव्या लाद्या बसवल्या की ओल खालच्या मजल्याच्या छतावर उमटते. लाद्या बसवण्याआधी ट्रॅप (पाणी जायचं तोंड) बंद करून दोन इंच पाणी ४८ तास साठवून बघा.

चार इंची विटांच्या भिंतीवर हा ब्रेकर चालवू नये. पलीकडचा गिलावा सुटतो, कधी वीटच हलते. वायरिंगच्या पाइपसाठी ग्राइंडरने दोन समांतर रेघा मारून मधला भाग अडीच किलोच्या रोटरी हॅमरने, नुसत्या ठोक्यावर ठेवून काढावा. माईव्हान, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतीत तर भिंतीच काँक्रीटच्या आणि भार पेलणाऱ्या, तिथे इंजिनिअरच्या परवानगीशिवाय खोबणही नको.

प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशन १.५ चौरस मिमीची आणि पूर्ण उलगडलेली. गुंडाळी तशीच ठेवली की वायर वितळते. चष्मा, कानाचे मफ आणि एन-९५ मास्क हवेतच, कारण या धुळीत सिलिका असते.

राडारोड्याचा अंदाज आधीच घ्या. पाच बाय सात फुटांच्या न्हाणीघरातून लादी आणि बेडिंग मिळून दोन इंच काढलं, तर साधारण ३३० किलो माल निघतो. लिफ्टमधून न्यायच्या २५ किलोच्या तेरा-चौदा गोण्या. एवढं एकदाच करायचं असेल, तर मशीन विकत न घेता दिवसाच्या भाड्याने आणा. आणताना छिन्नीची धार आणि मागच्या जाळीतल्या ठिणग्या दुकानातच बघून घ्या.