पंखा, फ्लोट स्विच आणि एक गोगलगाय: खाऱ्या पाण्याच्या टाकीचे दहा महिने

आधी निकाल सांगतो, मग रामायण. टाकीतलं उडून गेलेलं पाणी आपोआप भरणारा ऑटो टॉप-अपचा जो संच मी ३,८०० रुपये मोजून घेतला, त्यातला पंप उत्तम आहे, नळी चांगली आहे, खोका तर इतका देखणा की फेकवत नाही. पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा फ्लोट स्विच मात्र भंगार आहे. बाजारात सुटा घेतला तर दोन-अडीचशे रुपयांचा भाग. टाकी, दिवे, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर, लाटा करणारा वेव्हमेकर या सगळ्यांवर मी जेवढा विचार केला नसेल तेवढा या बोटभर प्लॅस्टिकच्या कांडीवर गेल्या दहा महिन्यांत केला आहे.

थोडी पार्श्वभूमी. मासे पाळायचा हा आजार लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात जडला. २००८ ते २०११ माझ्याकडे खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी होती. खाली वाळूत पुरलेला अंडरग्रॅव्हल फिल्टर, वर साधी ट्यूब, आणि पाणी अलिबागहून कॅनमधून आणलेलं. क्रॉफर्ड मार्केटमधून मासा घ्यायचा आणि पिशवी छातीशी धरून डोंबिवली फास्टमध्ये घुसायचं. टाकी मुरवायला, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होईपर्यंत, बिचाऱ्या काटक डॅमसेल माशाला पुढे करायचं. तो जगला तर बाकीचे आणायचे. आज लिहितानाही लाज वाटते. मुलगा झाला आणि टाकी माळ्यावर गेली.

आता मुलगा तेरा वर्षांचा झाला. जानेवारीत त्यानेच माळ्यावरून पाण्याचा खारेपणा मोजायचा जुना हायड्रोमीटर शोधून काढला आणि मी पुन्हा घसरलो. या वेळी ३ × १.५ × १.५ फुटांची टाकी, खाली संप म्हणजे फिल्टरची दुसरी टाकी, सगळं मिळून निव्वळ पाणी १८० लिटर. समुद्राचं पाणी बंद, बादलीतलं तयार मीठ सुरू. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीलाच सहा किलोच्या वर मीठ गेलं. पाणी आरओचं, पण स्वयंपाकघरातल्या आरओचं नाही. त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्याला येत नाही, शिवाय चवीसाठी तो त्यात पुन्हा क्षार सोडतो. पुढे उरलेसुरले क्षार काढणारी डीआयची नळी लावावीच लागते.

जुना हायड्रोमीटर, तो काटा हलणारा, १.०२२ दाखवत होता तेव्हा भिंगातून खारेपणा दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर १.०२६ सांगत होता. काट्याला एक बुडबुडा चिकटला की खेळ खलास. पूर्वी माझे मासे का मरायचे याचा अर्धा उलगडा तिथेच झाला. रिफ्रॅक्टोमीटरसुद्धा साध्या पाण्यावर नाही, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या.

पोवळ्यांबद्दल विचारू नका. कठीण पोवळी २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या अनुसूचीत आली, समुद्रघोडेही. ‘मिळतात हो’ म्हणणारा दुकानदार भेटतोच. त्याला नमस्कार करून निघा. माझ्याकडे सिरॅमिकचे दगड आहेत, आणि या वेळचे क्लाउनफिश पैदास केंद्रातले. पहिल्याच संध्याकाळी दाणे खायला वर आले. पूर्वीचे समुद्रातून पकडलेले मासे आठवडाभर दगडामागे उपाशी बसायचे. एवढ्या एका गोष्टीसाठी चौदा वर्षं थांबलो ते बरंच झालं असं वाटतं.

आता मुद्द्यावर. मार्चमध्ये पाणी २९ अंशांवर गेलं. मला हवं होतं २६. पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, चिलरचा, भाव विचारला, नवा २२ हजार. आमचं वीजबिल उन्हाळ्यात कसंबसं ३०० युनिटच्या आत राहतं. पुढचा टप्पा लागला की दर उडी मारतो. पुण्याचा मित्र म्हणाला, “चिलर कसला घेतोस, पंखा लाव.” कॉम्प्युटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे, दोन्ही मिळून १० वॉट, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावले. दुसऱ्या दिवशी पाणी २६.५.

मी हिशेब मांडला आणि अक्षरशः खूश झालो. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ ०.६७ युनिट इतकी उष्णता सोबत नेते. माझं रोज चार लिटर पाणी उडत होतं, म्हणजे अडीच युनिटच्या वर उष्णता बाहेर, आणि पंख्यांचा खर्च दिवसाला पाव युनिट! चिलरवाल्यांची मला कीव आली. तेव्हा हा अभिप्राय लिहिला असता तर पंख्याला पाचपैकी सहा तारे दिले असते.

पण पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज चार लिटर गोडं पाणी भरलं नाही तर खारेपणा चढत जातो. त्यासाठी ऑटो टॉप-अप. संपात पातळी उतरली की फ्लोट खाली येतो, पंप सुरू होतो, शेजारच्या कॅनमधून आरओचं पाणी येतं. मी कॅन २० लिटरचा ठेवला, म्हणजे पाच दिवस बघायला नको. आळशीपणाला सोय हे नाव दिलं की तो खपून जातो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला बायकोचा आवाज. “अहो, हॉलमध्ये पाणी कुठून आलं?” माझा पहिला संशय सायफनवर. नळीचं टोक कॅनमधल्या पाण्याच्या पातळीखाली असेल तर पंप बंद झाला तरी पाणी ओढलं जात राहतं. पण माझं टोक त्या पातळीच्या वर होतं. मग टॉर्च मारला. फ्लोटवर, टोपी घातल्यासारखी, एक गोगलगाय बसलेली. काचेवरचं शेवाळ खायला आणलेल्यांपैकीच. तिच्या वजनाने फ्लोट खाली दाबलेला, पंप रात्रभर चालू. २० लिटर गोडं पाणी संपात, मावलं तेवढं मावलं, उरलेलं फरशीवर आणि तिथून सोफ्याखाली.

खारेपणा ३५ वरून ३२ च्या खाली. माशांना फारसं काही झालं नाही, ते एवढी घट सोसतात. क्लीनर झिंगा मात्र तिसऱ्या दिवशी गेला. मुलाने त्याला हातावर खेळायला शिकवलं होतं. हात टाकीत घातला की तो नखं साफ करायला यायचा. त्यावर जास्त लिहीत नाही. खारेपणा एका दिवसात परत चढवायचा नसतो. मी चार दिवस टॉप-अपला गोड्याऐवजी खारं पाणी वापरून हळूहळू वर आणला.

मग विक्रेत्याशी भांडण. संचात सुरक्षेसाठी दुसरा फ्लोटही आहे, पातळी फार वर गेली तर पंप बंद करणारा. तो का चालला नाही? उघडून पाहिलं तर त्याच्या दांड्यावर मिठाचा पापुद्रा चढून तो जागीच थिजला होता. तक्रार केली. पहिलं उत्तर : व्हिडिओ पाठवा. पाठवला. दुसरं उत्तर : सर, गोगलगाय वॉरंटीत येत नाही. मी म्हटलं, गोगलगायीचं सोडा, मिठाने अडकलेल्या फ्लोटचं बोला. तिसरं उत्तर : सर, हे उत्पादन गोड्या पाण्यासाठी आहे.

खोक्यावर क्लाउनफिशचं चित्र आहे. मोठं, रंगीत, दोन बाजूंनी. मी त्याचा फोटो पाठवला. तेव्हापासून तक्रार ‘प्रक्रियेत’.

तोपर्यंत मी स्वतः जुगाड केला. स्विचभोवती पीव्हीसी पाइपचा भोकं पाडलेला तुकडा, म्हणजे गोगलगायीला वर चढता येऊ नये. दर रविवारी दोन्ही फ्लोट व्हिनेगरमध्ये. पंपाला टायमर, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. आणि २० लिटरचा कॅन काढून तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन, धुऊन-धुऊन. सगळं अडकलं तरी पाचच लिटर जातील. हे शेवटचं पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

एवढं करून जूनमध्ये निवांत झालो, तर पाऊस आला आणि पंख्याने हात वर केले. बाहेरच्या हवेतच इतकी वाफ की टाकीतलं पाणी उडेना. चार लिटरचं दीड लिटर झालं आणि पाणी २९.५ वर जाऊन बसलं. मित्राला फोन केला तर तो पुण्यात २६ वर मजेत. त्याची हवा आमच्यापेक्षा थंड आणि कोरडी, आमच्याकडे खाडीचा दमट श्वास. मार्चमधला माझा तो सुंदर हिशेब चुकीचा नव्हता. त्यात डोंबिवलीचा जुलै धरला नव्हता एवढंच. तेव्हा पंख्याबद्दलचं मत बदलतो : देशावर राहत असाल तर डोळे मिटून लावा, कोकणपट्टीत तो फेब्रुवारी ते मेचा पाहुणा आहे.

ऑक्टोबरमध्ये पाणी ३१ झालं, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकायला लागले, आणि मी शरण गेलो. छंद सोडणाऱ्या एका गृहस्थांकडून वापरलेला चिलर ९ हजारांना घेतला. आवाज करतो, गरम हवा हॉलमध्ये सोडतो, महिन्याला ४० च्या आसपास युनिटं खातो. बिल आलं, ३२२. २२ युनिटांसाठी वरचा दर. घरात त्यावर कुणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं. पण पाणी २६ वर खिळलं आहे आणि दगडांवर पहिल्यांदाच शेवाळाचा जांभळा थर, टाकी मुरल्याची खूण, धरू लागलाय.

गंमत पुढेच आहे. पंखे बंद झाले तसं पाणी उडणंही कमी झालं, रोज जेमतेम लिटरभर. एवढ्यासाठी पंप, दोन फ्लोट, टायमर आणि कॅन कशाला? मी सगळं काढून ठेवलं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की संपावरच्या मार्करच्या रेघेपर्यंत हाताने पाणी ओततो. २००८ मध्ये ओतायचो, त्याच निळ्या मगने.

काल कुरियर आलं. कंपनीने नवा फ्लोट स्विच पाठवलाय, फुकट. या वेळी खोक्यावर गोल्डफिश आहे.