अलाइनर घालून चहा चालतो, असं मला सांगितलं होतं

खालचे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, आणि तारा नको होत्या, म्हणून अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे, काढता-घालता येणारे पारदर्शक ट्रे. ठाण्यातल्या एका मॉलमधल्या स्टॉलवर फुकट स्कॅन झालं, स्क्रीनवर माझेच दात सरळ झालेले दाखवले आणि तिथल्या तिथे ७२ हजारांचं कर्ज मंजूर. एक्स-रे नाही, हिरड्या कुणी पाहिल्या नाहीत. "तुम्ही डेंटिस्ट का?" असं विचारल्यावर स्टॉलवरची मुलगी म्हणाली, "डॉक्टर ऑनलाइन बघतात, मॅडम."

मला दिवसाला चार-पाच चहा लागतात, हेही सांगितलं होतं. ती म्हणाली, "जेवताना ट्रे काढा, चहाला गरज नाही. रात्री आमची गोळी पाण्यात टाकून ट्रे बुडवले की सगळं स्वच्छ." गोळ्यांचे ६ हजार वेगळे. ट्रे काचेसारखे लख्ख व्हायचे, त्यामुळे मी निर्धास्त.

सातव्या महिन्यात हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले. ट्रेची पकड बसावी म्हणून दातांवर चिकटवलेल्या छोट्या उंचवट्यांभोवती तर जास्तच. ॲपवर फोटो पाठवले. उत्तर आलं, "नॉर्मल आहे, गोळ्या दोनदा वापरा."

शेवटी एका एमडीएस ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. दोन दात किडलेले, हिरड्यांतून रक्त. त्यांनी समजावलं की गोळीने फक्त ट्रे धुतला जातो. चहातली साखर ट्रेच्या आत शिरून दाताला चिकटून बसते, आणि उघड्या दातांना धुणारी लाळ तिथे नीट पोचत नाही. आणि ट्रे तर दिवसाचे २०-२२ तास तोंडात! साध्या पाण्याशिवाय काहीही पिताना ट्रे काढायचा. परत घालण्याआधी ब्रश, बाहेर असाल तर निदान खळखळून चूळ. रात्री दातांच्या फटींत फ्लॉसचा दोरा. ट्रे गार पाण्यात मऊ ब्रशने धुवायचा, गरम पाण्यात तो वाकतो. आणि कीड भरणं, दात साफ करून घेणं हे ट्रे लावण्याआधीच व्हायला हवं होतं.

पैसे परत मागितले तर "ट्रे बनवून झाले" म्हणाले. कर्ज वेगळ्याच फायनान्स कंपनीचं, त्यामुळे हप्ते सुरूच आहेत. पैसे भरण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, आणि प्रत्येक सूचना लेखी घ्या. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. चहाचं ते तोंडीच बोलले होते. हातात फक्त "गोळ्या दोनदा वापरा" एवढाच स्क्रीनशॉट आहे, तो जोडलाय.